गलाईवाल्याला नियमांत जागा आहे का?

१ एप्रिल २०२६ ही तारीख सर्वसामान्य वाचकाच्या लक्षात राहण्यासारखी नाही; परंतु देशातील धातुव्यवहाराच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये घातक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्या अंमलबजावणीसाठी ही तारीख ठरविण्यात आली. ॲल्युमिनियम, तांबे, जस्त आणि त्यांचे मिश्रधातू वापरून वस्तू बनविणाऱ्या उत्पादकावर, त्या वस्तू मोडीत निघाल्यानंतरचीही जबाबदारी या दुरुस्तीने टाकली आहे. पुनर्चक्रणाचे लक्ष्य २०२६-२७ मध्ये १० टक्के असेल आणि ते वाढत वाढत २०३२-३३ मध्ये ७५ टक्क्यांवर जाईल. ई-कचऱ्याच्या बाबतीत हेच तत्त्व २०११ च्या नियमांनी आणले होते. आता या लोखंडेतर धातूंचे भंगारही त्याच्या कक्षेत येत आहे.

धोरणाची दिशा योग्य आहे, याविषयी मला शंका नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत भंगारातून तेच ॲल्युमिनियम पुन्हा मिळते. तांब्याच्या बाबतीत तर आपली गरज अधिक निकडीची आहे. तामिळनाडूतील तुतीकोरिनचा तांबे प्रकल्प मे २०१८ मध्ये बंद पडला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा हा देश पुढच्याच आर्थिक वर्षात निव्वळ आयातदार झाला. सोन्याचे सांगायलाच नको. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, हट्टीच्या खाणीचे उत्पादन मागणीच्या तुलनेत नगण्य आहे आणि दरवर्षी शेकडो टन सोने आपण परकीय चलन मोजून आणतो. दुसरीकडे, भारतीय घरांतील सोन्याचा साठा सुमारे २५,००० टन असावा, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. देशातली सर्वात मोठी सोन्याची खाण आपल्या कपाटांत आहे, असे म्हणतात ते त्यामुळेच.

माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. हा धातू परत आणण्याचे काम आज प्रत्यक्षात ज्यांच्या हातून होते, त्या माणसांची या नियमांना ओळख आहे काय?

मी जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये राहतो. इंग्रजी अमदानीत उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातील अनेक शहरांत अशी वसाहत उभी राहिली. अधिकाऱ्यांचे बंगले, न्यायालये, कचेऱ्या एका बाजूला आणि बाजारपेठेची दाट वस्ती दुसऱ्या बाजूला, अशी तिची मांडणी. माझ्या घरापासून कोतवाली आणि कमानिया दरवाजाजवळचा सराफा काही किलोमीटरच दूर आहे. पण नियम जिथे लिहिले जातात ती जागा आणि धातू जिथे वितळतो ती जागा यांच्यातले खरे अंतर त्याहून पुष्कळ मोठे आहे. प्रशासनात उभी हयात काढल्यानंतर आणि त्याआधी इतिहासाचा विद्यार्थी राहिल्यामुळे या अंतराविषयी लिहावे, असे मला वाटले.

खानापूर-आटपाडीची गलाई

भारतातील मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात शिरा. कोइमतूर असो, त्रिशूर असो, दिल्ली असो वा कोलकाता; एखाद्या अरुंद जिन्याच्या वर, छोट्याशा खोलीत सोने-चांदी गाळणारा मराठी माणूस हमखास भेटतो. त्याचे गाव विचारले, तर तो बहुधा सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी वा तासगाव तालुक्यातले, नाहीतर सातारा जिल्ह्याच्या माण-खटाव भागातले एखादे नाव सांगतो. हा सारा कायम अवर्षणग्रस्त टापू. पावसाने पाठ फिरवली की शेती बसायची आणि तरुण मुलगा आधी बाहेर पडलेल्या चुलत्याच्या किंवा मामाच्या भट्टीवर परमुलखात जायचा. विटे शहर आणि त्याच्या आसपासच्या गावांत ‘गलाई’ हा शब्द म्हणूनच केवळ एका क्रियेचे नाव राहिलेला नाही, तो एका समाजजीवनाचे नाव झाला आहे. गावची शाळा, देवळाचा जीर्णोद्धार, बहिणीचे लग्न, विहिरीची खुदाई या सगळ्याला लागलेला पैसा दूरच्या कुठल्या तरी सराफ्यातल्या भट्टीवर कमावलेला असतो. टेंभू योजनेचे पाणी या भागात पोहोचण्यापूर्वी कित्येक घरांची चूल गलाईवरच पेटत होती.

जबलपूरच्या सराफ्यातही या व्यवसायातील माणसे मला भेटली. त्यांपैकी खानापूर तालुक्यातून आलेल्या एका वयस्क गृहस्थांच्या भट्टीवर मी अनेकदा बसलो आहे. त्यांच्याकडून ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले, ते थोडक्यात असे. मोडीचे दागिने मुशीत घालून टाकणखाराबरोबर वितळवायचे आणि त्यांचा टंच काढायचा. सोने शुद्ध करायचे, तर आधी ते अशुद्ध करावे लागते, हे ऐकून नवख्याला नवल वाटते. एक भाग सोन्यात साधारण तीन भाग चांदी किंवा तांबे मिसळून त्याचा रस पाण्यात ओततात, म्हणजे त्याचे बारीक दाणे होतात. सोन्याचे प्रमाण जास्त असेल, तर ते आतल्या चांदीला आम्लापासून वाचवते. प्रमाण कमी केले की नायट्रिक आम्ल दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. चांदी आणि तांबे विरघळून जातात आणि तळाला तपकिरी माती उरते. ती धुऊन पुन्हा आटवली की पिवळे, शुद्ध सोने.

पण काम इथे संपत नाही. त्या आम्लात चांदी विरघळलेली आहे. त्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी कापसासारखी सुटून खाली बसते आणि तिच्या जागी तांबे द्रावणात जाते. मग त्या निळसर-हिरव्या द्रावणात लोखंडाचे तुकडे टाकले की तांबेही बाहेर येते. एक धातू दुसऱ्याला सोडवतो, दुसरा तिसऱ्याला. शिवाय भट्टीची राख, फुटलेल्या मुशी, दुकानाची झाडलोट, हात धुतलेले पाणी हे सारे साठवून ठेवायचे. वर्षाकाठी त्यातूनही सोने निघते. ‘साहेब, आमच्या धंद्यात केरसुणीसुद्धा फेकून देत नाहीत, जाळून तिची राख धुतात,’ असे ते मला म्हणाले होते. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द आपल्या धोरणपत्रांत गेल्या काही वर्षांत आला. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे या माणसाला शाळा फारशी न शिकताही ठाऊक आहे.

या साखळीच्या शेवटी मात्र एक प्रश्न उभा राहतो. तांबे काढून घेतल्यानंतर उरलेले लोहयुक्त आम्लपाणी कुठे जाते? बहुतेक ठिकाणी गटारात. आणि आम्ल धातूवर पडताच जो तांबूस-तपकिरी धूर उठतो, तो कुठे जातो? बहुधा एका पंख्यातून गल्लीत, आणि त्याआधी गाळणाऱ्याच्या छातीत. नायट्रोजन डायऑक्साइडचा हा धूर घेतलेल्या माणसाला त्या वेळी केवळ खोकला येतो. फुप्फुसांना सूज येते ती काही तासांनंतर. दागिन्यांच्या जुन्या ‘केडीएम’ डाकात कॅडमियम असे. तो दागिना भट्टीत गेला की त्याची वाफ मूत्रपिंडापर्यंत नुकसान करते. म्हणून या लेखात मी त्या खोलीचे गोडवे गाणार नाही. तिथले कौशल्य खरे आहे आणि तिथला धूरही तितकाच खरा आहे.

पांसुधावक, न्यारिया, झारेकरी

इतिहासात मागे गेले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या माणसाकडे राज्यसंस्थेने नेहमीच संशयाने पाहिले. परंतु जुनी राज्यसंस्था त्याला निदान नावाने ओळखत होती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्या-चांदीच्या राजकीय कर्मशाळेचे, म्हणजे अक्षशालेचे, सविस्तर वर्णन आहे. तिथे नेमणूक नसलेल्याने पाऊल टाकायचे नाही. कारागिरांची आत येताना आणि बाहेर जाताना झडती घ्यायची. या कामगारांच्या यादीत भाता फुंकणाऱ्यांबरोबर ‘पांसुधावक’ही येतो. पांसु म्हणजे धूळ. धूळ धुणारा तो पांसुधावक. सोनार सोने कोणत्या पाच मार्गांनी चोरतो, याचाही तपशील त्याच ग्रंथात आहे. अविश्वास पुरेपूर होता, पण धुळीतले सोने आणि ते काढणारा माणूस हे दोन्ही राज्याच्या हिशेबात होते. अकबराच्या काळात अबुल फझलने आईन-ए-अकबरीत टांकसाळीतील एकेका कामगाराचे काम नोंदविले. त्यात राख आणि माती धुऊन धातू काढणारा ‘न्यारिया’ आहे. महाराष्ट्रात याच कामाला ‘झारेकरी’ हे नाव आहे. आमच्या महाकोशलात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या ‘सोनझारा’ जातीची नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सापडते. हिरालाल हे याच परिसरातले, मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे.

स्वतंत्र भारतात या नात्याला वेगळे वळण मिळाले. चीनबरोबरच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. दागिन्यांखेरीज असलेले सोने जाहीर करण्याची सक्ती झाली. हेतू परकीय चलन वाचविण्याचा होता आणि त्या काळची परिस्थिती पाहता तो समजण्यासारखाही होता. परिणाम मात्र सर्वात आधी कारागिरावर झाला. देशभर सुवर्णकारांचे हात रिकामे झाले; त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शुद्धतेची अट १९६६ मध्ये सैल करावी लागली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने व्यापारी, सोनार आणि शुद्धीकरण करणारा या सर्वांना परवाने आणि नोंदवह्यांच्या चौकटीत बसविले. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या २७ वर्षांत लोकांची सोन्याची ओढ कमी झाली नाही. तस्करी मात्र एक समांतर व्यवस्था बनली. वरच्या टोकाचा तस्कर हाती लागणे अवघड आणि खालच्या टोकाचा, मुशीसमोर बसलेला माणूस हाती लागणे सोपे, असा हा व्यवहार होता.

त्याची छाया अजून गेलेली नाही. चोरीचा दागिना वितळला की त्याची ओळख पुसली जाते, म्हणून तपासाची पावले गलाईच्या खोलीपर्यंत येणे स्वाभाविक आहे. पण परराज्यातले पोलीस पथक येऊन गलाईवाल्याला उचलते आणि माल चोरीचा असल्याची त्याला कल्पना होती की नाही हे ठरेपर्यंत त्याची भट्टी बंद राहते, ही तक्रार या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. सचोटीने काम करणाऱ्याला आपली सचोटी दाखविण्याचा सोपा, कायदेशीर मार्ग उपलब्ध नसणे, हे या तक्रारीचे मूळ आहे.

कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले

आता अलीकडच्या नियमांकडे वळू. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वस्तू सुटी करणारा, म्हणजे जुना संगणक वा दूरचित्रवाणी संच खोलून त्याचे भाग वेगळे करणारा, हा स्वतंत्र घटक होता. त्याला नोंदणीची वाट होती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांत नोंदणी चारच घटकांची उरली: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रण करणारा. सुटे भाग करणारा व्याख्येतूनच गळला. या नियमांखाली सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंसाठी प्रमाणपत्रे निर्माण होतात आणि उत्पादक ती विकत घेऊन आपले दायित्व पूर्ण करतात. प्रमाणपत्र मिळते ते नोंदणीकृत कारखान्याला. त्या कारखान्यापर्यंत माल गोळा करून, निवडून, फोडून आणणाऱ्या हातांचा या प्रमाणपत्रात कुठेही उल्लेख नसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ई-कचरा, लिथियम बॅटऱ्या आणि इतर भंगार यांतून दुर्मीळ धातू काढणाऱ्या उद्योगांना यंत्रसामग्रीवर २० टक्के अनुदान त्यात आहे. एकतृतीयांश निधी लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखून ठेवला आहे, ही स्वागतार्ह बाब. मात्र प्रोत्साहनाची कमाल मर्यादा मोठ्या उद्योगाला ५० कोटी आणि लहानाला २५ कोटी आहे. सिविल लाइंसमधून पाहिले, तर २५ कोटींचा लाभार्थी लहान दिसतो. सराफ्यातल्या ज्या माणसाची सारी यंत्रसामग्री म्हणजे एक भट्टी, एक धूर ओढणारा पंखा आणि चार काचेची भांडी, त्याला मोजण्याइतकी बारीक पट्टी या योजनेत नाही.

सोन्याच्या संघटित शुद्धीकरणाने गेल्या दशकात मोठी झेप घेतली, हेही नमूद केले पाहिजे. जागतिक सुवर्ण परिषदेच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१३ मध्ये देशात संघटित शुद्धीकरण कारखाने पाचांहून कमी होते, ते २०२१ पर्यंत ३३ झाले. क्षमता ३०० टनांवरून १,८०० टनांवर गेली. हरियाणातील एमएमटीसी-पॅम्प या कारखान्याला लंडनच्या बाजाराची मान्यता आहे. परंतु ही वाढ मुख्यतः परदेशातून येणाऱ्या कच्च्या सोन्यावर झाली आणि त्यामागे आयात शुल्कातील सवलत होती. घरातले जुने सोने याच अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये सुमारे ७५ टन परत बाजारात आले. तो माल तालुक्याच्या गावातील सराफाकडे येतो, पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्यांत येतो, आणि तो गाळण्यासाठी कोणी हरियाणाला जात नाही.

सरकारने २०१५ मध्ये सुवर्ण ठेव योजना आणली तेव्हा घरातले सोने संकलन केंद्रामार्फत थेट कारखान्यात नेण्याची कल्पना होती. नोव्हेंबर २०२४ पर्यंत योजनेत सुमारे ३१ टन सोने जमा झाले, आणि मार्च २०२५ मध्ये तिचे मध्यम व दीर्घ मुदतीचे भाग बंद करण्यात आले. २५,००० टनांपुढे ३१ टन! यामागे व्याजदर, करभीती, दागिन्यांतली भावना अशी अनेक कारणे आहेत. त्यांतले एक असे की आजीची पाटली ज्या सराफाकडून घेतली त्याच्याकडेच मोडायची, ही लोकांची रीत आहे. तो सराफ आणि त्याच्या मागे बसलेला गलाईवाला यांना वगळून योजना आखली गेली, आणि माल आला नाही.

दुसरी बाजू

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. भंगाराचा असंघटित व्यवसाय विषारी आहे, म्हणून तो बंदच झाला पाहिजे, असे पर्यावरणाचे काही अभ्यासक म्हणतात. त्यांच्याजवळ पुरावा आहे. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी विद्युतमंडलांच्या पट्ट्या जाळून तांबे काढले जाते आणि उरलेली काळी राख नदीत जाते. जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे उघड्यावर वितळविले जाते आणि ते आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झाले, हे वाचकांना आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले एक जुने, वापरात नसलेले यंत्र लिलावात विकले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते. ज्यांनी ते फोडले त्यांना त्याची कल्पना नव्हती. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली.

आमचे जबलपूरही या बाबतीत नशीबवान नाही. हे शहर आयुधनिर्माणीचे. तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, लष्करी वाहनांचा कारखाना, ओतशाळा, आणि शेजारी कटनीत लोखंडेतर धातूंचा कारखाना. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. चांगल्या प्रतीच्या भंगारात त्याची गणना होते आणि त्याला बाजारात मोल आहे. एप्रिल २०२४ मध्ये शहराबाहेरच्या खजरी-खिरिया भागातील एका भंगार गोदामात इतका मोठा स्फोट झाला की त्याचा आवाज काही किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. मजुरांचे प्राण गेले. भंगारात तोफगोळ्यांची कवचे असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले होते.

सेवेत असताना निरुपयोगी सामानाच्या लिलाव समित्यांवर मी बसलो आहे. तिथली चर्चा मला चांगली आठवते: आधारभूत किंमत किती, अनामत रक्कम भरली का, सर्वोच्च बोली कोणाची, माल किती दिवसांत उचलला. लेखापरीक्षकाचे प्रश्नही तेवढेच असत. हा माल कोण फोडणार, कुठे फोडणार, त्यात घातक काही आहे का, हे प्रश्न विचारण्यासाठी छापील नमुन्यात रकाना नव्हता. मायापुरीतील यंत्र एका प्रतिष्ठित संस्थेतून, रीतसर लिलावाने बाहेर पडले होते, ही गोष्ट म्हणूनच मला फार महत्त्वाची वाटते. जोखमीची सुरुवात पुष्कळदा संघटित क्षेत्रातच होते. भोगावी लागते ती असंघटित कामगाराला.

शिवाय सगळ्या लहान धंद्यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. विद्युतमंडलांच्या पट्ट्या जाळणे हे काम लहान प्रमाणावर सुरक्षितपणे करता येत नाही; त्यासाठी धुरावर प्रक्रिया करणारी मोठी यंत्रणाच हवी. तिथे लहान माणसाचे काम गोळा करणे, सुटे करणे आणि निवडणे इथवर असावे, आणि धातू काढण्याचे काम कारखान्याने करावे. जपानने २०२० च्या ऑलिंपिकची पदके जुन्या फोन-संगणकांतून केली. लोकांकडून आलेल्या सुमारे ७९ हजार टन उपकरणांतून ३२ किलो सोने आणि सुमारे ३,५०० किलो चांदी निघाली. हे आधुनिक शुद्धीकरणाचे यश तर होतेच, पण त्याआधी गावोगावच्या संकलनाचे आणि हातांनी केलेल्या निवडीचेही होते. याउलट, दागिन्यांचे सोने गाळणे हे मुळातच लहान प्रमाणावरचे काम आहे. त्यातला धूर आणि आम्लपाणी आवरण्याचे तंत्र जुने, साधे आणि परवडणारे आहे. ते प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसवावे, ही अपेक्षा तेवढी अव्यवहार्य आहे.

काय करता येईल

त्यासाठी सामाईक सोयीचा मार्ग आपल्याकडे अनोळखी नाही. औद्योगिक वसाहतींत अनेक लहान कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध करण्याची पद्धत रुळलेली आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूहविकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राला अनुदानही मिळते. प्रत्येक मोठ्या सराफ्यात दहा-वीस गलाईवाल्यांसाठी एक सामाईक गाळणशाळा उभारता येईल. त्यात क्षारयुक्त पाण्याने धूर धुणारे यंत्र, आम्लपाणी निष्प्रभ करणारी टाकी आणि टंच काढण्याचे यंत्र असावे. माल ज्याचा त्याचा, ग्राहक ज्याचा त्याचा. धूर आणि सांडपाणी मात्र सर्वांचे मिळून. जमीन पालिकेने द्यावी, भाडे वापरणाऱ्यांनी भरावे.

नोंदणीचा प्रश्न याच केंद्रात सुटू शकतो. केंद्रात आलेल्या प्रत्येक मालाची वजन, टंच आणि आणणाऱ्याची ओळख अशी साधी नोंद झाली, तर गलाईवाल्याला पोलिसांपुढे दाखविण्यास कागद मिळेल आणि तपासयंत्रणेलाही माग मिळेल. दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला आहे. दागिना जन्माला येताना त्याची नोंद होते. तो मोडीत निघतानाही नोंद झाली, तर साखळी पूर्ण होईल. मात्र ही नोंद १९६३ नंतरच्या नोंदवह्यांसारखी गळफास होता कामा नये. ठरावीक वजनाखालील मालासाठी एक पान पुरेसे असावे.

ई-कचरा आणि लोखंडेतर भंगार यांच्या नियमांत सुटे करणारा आणि निवडणारा हे घटक पुन्हा आणले पाहिजेत. कारखान्याला प्रमाणपत्र देताना त्याने माल कोणत्या नोंदणीकृत गटाकडून घेतला, हे नमूद करण्याची अट घालावी आणि प्रमाणपत्राच्या किमतीतला काही वाटा त्या गटाच्या सुरक्षा साधनांसाठी राखावा. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहेच. वीस वर्षे टंच काढणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून उभे राहता येईल असे प्रमाणपत्र तिच्यातून मिळाले, तर पुढच्या पिढीला भट्टीसमोरच बसण्याची सक्ती उरणार नाही.

आणि सरकारी लिलावांसाठी, मग ते रेल्वेचे असोत, आयुधनिर्माणीचे असोत वा विद्यापीठाचे, लिलावापूर्वीचे तपासणीपत्र सक्तीचे असावे. किरणोत्सार, स्फोटके आणि विषारी द्रव्ये नसल्याची खात्री करून त्यावर नावानिशी सही करण्याची जबाबदारी विकणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यावर असावी. ज्या खात्याचे सामान, त्याचीच आधी परीक्षा. उत्पादकाने आपल्या वस्तूच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, असे जे सरकार सांगते, त्याने आपल्या भंगाराबाबत तेच तत्त्व पाळले पाहिजे.

यांपैकी एकाही सूचनेला नवा कायदा लागत नाही. नियमांतील काही व्याख्या, लिलावाच्या नमुन्यातला एक रकाना, आणि आहे त्या योजनांतला थोडा निधी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. २०३२-३३ चे ७५ टक्क्यांचे लक्ष्य कागदावर गाठणे अवघड नाही. प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री ते करून दाखवील. धातू खरोखर परत येतो आहे का, आणि तो आणणाऱ्याची छाती शाबूत राहते आहे का, हे मात्र सराफ्यातल्या जिन्याने वर चढून पाहावे लागेल. खानापूर-आटपाडीच्या गावांत आज अनेक गलाईवाले आपल्या मुलांना या धंद्यात आणायला तयार नाहीत. धुराचा आणि चौकशीचा त्रास आपल्यापुरता पुरे, असे ते म्हणतात. तीही इच्छा रास्तच आहे. पण शुद्धीकरणाचे हे ज्ञान स्वेच्छेने नव्या रूपात पुढे जाणे वेगळे, आणि नियमांत त्याला नावच नसल्याने ते गुपचूप मागच्या गल्लीत सरकणे वेगळे. या दोहोंपैकी काय घडेल, हे येत्या तीन-चार वर्षांत निघणाऱ्या अधिसूचनांच्या मसुद्यांवर ठरणार आहे. ते मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतील, तेव्हा सराफ्यातून आणि विट्यातून त्यांवर हरकती गेल्या पाहिजेत, आणि त्या वाचल्याही गेल्या पाहिजेत.

(लेखक निवृत्त प्रशासकीय अधिकारी असून जबलपूर येथे वास्तव्यास आहेत.)